चायना ग्रास, पेक्टिन की फिश जिलेटिन? हलाल गोडासाठी काय घ्यावं

पाककृतीत १० ग्रॅम जिलेटिन लिहिलंय म्हणून १० ग्रॅम आगर घातलं, आणि पॅनाकोटा या क्रीमच्या मऊ पुडिंगच्या जागी खोडरबर निघालं. घरच्या बेकिंगमधली ही नेहमीची फजिती. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, कधी डुकराच्याही, म्हणून हलाल गोडात ते डोळे मिटून चालत नाही. त्याला हलाल पर्याय बरेच आहेत, पण सगळीकडे चालेल असा एकही नाही. कुठला पदार्थ करायचाय ते आधी ठरवा, पुडा मग घ्या.

सगळ्यात सोपा मिळतो तो चायना ग्रास, म्हणजेच आगर. मुंबईत रमजानच्या दिवसांत इफ्तारीला दुधातल्या पांढऱ्याशुभ्र वड्या असतात, त्या याच्याच. समुद्री शेवाळापासून बनत असल्यामुळे जनावराचा प्रश्नच येत नाही. पट्ट्या आणि पावडर अशा दोन्ही रूपांत मिळतो. आमचं मत पावडरीच्या बाजूने. पट्ट्या कात्रीने कापा, अर्धा तास भिजवा, उकळा, गाळा, आणि तरी प्रत्येक पुड्याची ताकद वेगळी. मात्र पावडर घेताना मागची बाजू वाचा. ‘जेली पावडर’ नावाच्या काही पुड्यांत आगर थोडं आणि साखर किंवा कॅराजीनन (घट्टपणा आणणारी दुसरी पावडर) जास्त असतं, मग खालची मापं लागू पडत नाहीत. थायलंडच्या टेलिफोन ब्रँडची २५ ग्रॅमची पुडी मिळाली तर जरूर घ्या, पण ती जोरकस आहे, हात आखडता ठेवा.

माप असं: अर्धा लिटर दुधाला ४ ग्रॅम पावडर घातली की सुरीने कापता येतील अशा वड्या, आणि दीड ते २ ग्रॅम घातली की चमच्याने खायचा थरथरणारा पॅनाकोटा. चमच्याने मोजू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा लागतोच. पावडर थेट दुधात टाकू नका, दुधात ती नीट विरघळत नाही. वाटीभर थंड पाण्यात कालवा, ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर पूर्ण २ मिनिटं मंद आचेवर ठेवा. साधारण ८५ अंशांच्या खाली आगर विरघळत नाही, नुसतं ‘गरम झालं’ म्हणून उतरवलं की नंतर जमत नाही. मग त्यात गरम दूध ओता. दूध फ्रिजमधलं असेल तर आगर जागच्या जागी आळतं आणि शेवयांसारखे धागे दिसू लागतात.

साच्यात ओतण्याआधी एक थेंब फ्रीजरमधल्या स्टीलच्या वाटीवर टाका. अर्ध्या मिनिटात तो आळतो. बोटाने ढकलल्यावर वाहिला तर चिमूटभर पावडर थोड्या पाण्यात उकळून वाढवा, फार घट्ट वाटला तर गरम दूध घाला. आगर पुन्हा वितळवता येतं, त्यामुळे बिघडलेली वडीही वाया जात नाही.

दोष दोन. जिलेटिन जिभेच्या उबेने विरघळतं, आगर नाही, ते तुकड्या-तुकड्याने मोडतं. आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं, फ्रीजरमध्ये तर पार भुगा होतो. आंबट वस्तूंबरोबर उकळलं तर ताकद जाते, म्हणून लिंबाचा रस किंवा कोकमाचं आगळ आच बंद केल्यावरच घाला. उलट कच्चा अननस, पपई, किवी यांना आगर बधत नाही. या फळांतली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात, त्यामुळे जिलेटिनचं मात्र सरबत होतं.

दुधाच्या मऊ पुडिंगला कॅराजीनन आगरापेक्षा सरस. तेही शेवाळाचंच. अर्धा लिटर दुधाला १ ते दीड ग्रॅम पुरतं, दुधातल्या प्रथिनांशी त्याची चांगली जमते. साखरेत कोरडंच मिसळून घाला, नाहीतर गुठळ्या होतात. केकवरच्या चकचकीत थरासाठी पेक्टिन (फळांपासून काढलेली घट्टपणा आणणारी पावडर) घ्या, तेही एनएच, म्हणजे गरम करून पुन्हा वितळवता येणाऱ्या प्रकारचं: २५० ग्रॅम गाळलेल्या फळाच्या गराला ४ ग्रॅम, ५० ग्रॅम साखरेत मिसळून. जॅमचं साधं पेक्टिन इथे उपयोगाचं नाही, त्याला भरपूर साखर आणि आंबटपणा दोन्ही लागतं.

मूस (फेटलेल्या क्रीमचा हलका गोड पदार्थ) आणि मार्शमेलो इथे मात्र शेवाळाची कुवत संपते. आगर फेटून फुलत नाही, आणि थंड क्रीममध्ये पडताच त्याचे कण होतात. मूस आगरावरच करायचा असेल तर क्रीम फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, आगराचं मिश्रण ५० अंशांच्या आसपास आणा आणि आधी तिसरा हिस्सा क्रीम त्यात मिसळा, मग बाकीचं. मार्शमेलोला खरं जिलेटिनच हवं. जनावर हलाल पद्धतीने कापलेलं असावं असं बहुतेक उलेमा मानतात, म्हणून गोवंशाच्या किंवा म्हशीच्या जिलेटिनवर प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय घेऊ नका. माशाला कापण्याची ती अट नाही, म्हणून फिश जिलेटिन निर्धोक. फक्त तिलापियासारख्या उष्ण पाण्यातल्या माशाचं घ्या. थंड समुद्रातल्या माशांचं आपल्याकडच्या हवेत आळतच नाही. पुड्यावरचा ब्लूमचा आकडाही बघा, तो जिलेटिनची आळण्याची ताकद सांगतो. २५० ब्लूमच्या १० ग्रॅमऐवजी २०० ब्लूमचं वापरत असाल तर साधारण ११ ग्रॅम.

पुड्यावरच्या खुणेचा गोंधळ अनेकांचा होतो. हिरवा गोल असेल तर आत प्राण्याचं जिलेटिन नाही, एवढंच कळतं. इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का, हे त्यावरून कळत नाही. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट बहुधा अल्कोहोलमध्येच काढलेलं असतं, तेव्हा त्याचं लेबल वेगळं वाचा, नाहीतर सरळ व्हॅनिलाची शेंग खरवडा. आणि फिश जिलेटिनवर तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहाराची खूण, असणारच, त्याने बिचकू नका.