ऑक्टाव्हिया आरएसला डिझेलचा व्हीजीटी, की आहे तोच टर्बो नीट करायचा?

भाच्याकडे स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस आहे. 1.8 लिटर पेट्रोल, सिलिंडरला पाच-पाच व्हॉल्व्ह, 150 पीएस. मार्चमध्ये तिनं टर्बो खराब झाल्यासारखा निळा धूर सोडायला सुरुवात केली आणि सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर त्याला सल्ला मिळाला : ‘‘मूळचा के03 टर्बो कशाला शोधतो? स्कोडाच्याच डिझेल लॉराचा व्हीजीटी टाक. आणि मामाला विचारू नको.’’ अर्थात त्यानं मामालाच विचारलं.

सल्ला अगदीच खुळा नव्हता. डिझेल गाड्या भंगारात जायला लागल्यापासून त्यांचे टर्बो स्वस्तात मिळतात. आणि व्हीजीटीची (व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोची) कल्पना देखणी आहे, यात वाद नाही. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. साध्या टर्बोत टर्बाइनकडे जाणारी वाट ठरलेल्या मापाची असते. लहान ठेवली तर तो लवकर जागा होतो पण वरच्या आरपीएमला गुदमरतो. मोठी ठेवली तर उलटं. व्हीजीटीत टर्बाइनच्या भोवती फिरत्या पात्यांचं कडं असतं. आरपीएम कमी असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, धुराचा वेग वाढतो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते तसंच. नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापुरात ही युक्ती वेगळी शिकवावी लागत नाही.

पण पहिला प्रश्न इथेच आला. आरएसचा मूळ के03 इतका लहान आहे, की तिचा पूर्ण 210 न्यूटन मीटर टॉर्क 1750 आरपीएमलाच हातात येतो. सात रस्ता ते आसरा चौक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जाताना आणखी लवकर जागं होऊन टर्बो करणार काय? व्हीजीटीचा फायदा दिसतो तो मोठा टर्बो बसवून खालचा जोरही टिकवायचा असेल तेव्हा. म्हणजे त्याची खरी तुलना के03शी नाहीच. ती आहे के04शी, त्याच इंजिनाच्या 210-225 पीएसच्या ऑडी एस3मध्ये यायचा त्या थोड्या मोठ्या साध्या टर्बोशी. के04 जरा उशिरा उठतो, त्याला मोठे इंजेक्टर, हवा थंड करणारा चांगला इंटरकूलर आणि ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) ट्यूनिंग लागतं. पण तो मुळात याच इंजिनासाठी घडवलेला आहे. मॅनिफोल्डसकट (हेडमधून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांसकट) मिळाला तर पाना-पेचकस घेऊन बसता येतं, वेल्डिंग मशीन शोधावं लागत नाही.

लॉराच्या टर्बोला ते लागतंच. त्याचं टर्बाइन हाउसिंग आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच कास्टिंगमध्ये ओतलेलं असतं आणि ते पेट्रोलच्या हेडला जुळत नाही. कापा, फ्लँज करा, जोडा. त्यापेक्षा मॅनिफोल्डपासून सुटा, फ्लँजनं जोडता येणारा व्हीजीटी शोधलेला बरा. लेथवाल्यांची इथे वानवा नाही, पण तापून-निवून कास्ट आयर्नवरचा वेल्ड तडकतो हे तेही सांगतील.

आता उष्णता, कारण बहुतेक प्रयोग मरतात ते इथे. डिझेलचा धूर पूर्ण भारावर साधारण 800 अंशांच्या आसपास असतो, पेट्रोलचा सहज 950च्या वर जातो. या फरकामुळेच डिझेलला व्हीजीटी सर्रास आले तरी पेट्रोलला ते बराच काळ फार थोड्यांनी लावले. पोर्शनं 2006च्या 911 टर्बोत ते बसवले, पण बोर्ग वॉर्नरकडून उच्च तापमानाचे खास मिश्रधातू वापरून. ज्या गावातून कॅमशाफ्ट परदेशी जातात तिथे कास्टिंगची जात वेगळी समजवायला नको : डिझेलचं हाउसिंग साध्या जातीचं, पेट्रोलचं निकेल जास्त असलेलं किंवा स्टेनलेसचं. पाती आणि त्यांच्या पिना बारीक फटीत फिरतात. कडं वाकलं की अडकतात. पाती उघडी अडकली तर गाडी आळशी होते. मिटलेली अडकली तर इंजिनाच्या जिवावर बेततं. (काजळीनं पाती चिकटणं हा डिझेलचा रोग, तो पेट्रोलला कमी. एवढं एक माप व्हीजीटीच्या पदरात.)

दुसरं म्हणजे मिटलेल्या पात्यांमुळे मॅनिफोल्डमध्ये दाब साठतो आणि थोडा गरम धूर सिलिंडरमध्येच मागे राहतो. डिझेलला त्याचं सोयरसुतक नसतं. पेट्रोल त्यानं ठोकायला लागतं (नॉक), म्हणजे अवेळी पेटून इंजिनाला हादरे देतं. नॉक सेन्सरनं ऐकलं की ईसीयू स्पार्क मागे घेतो, स्पार्क मागे गेला की धूर आणखी तापतो आणि तो पुन्हा त्याच पात्यांवर येतो. हे दुष्टचक्र आपल्या 42-43 अंशांच्या मे महिन्यात कसं फिरेल, ते बघा. के04लाही ऊन लागतंच, पण धुराला जायला रस्ता मोकळा असतो. शिवाय कित्येक डिझेल टर्बोंच्या बेअरिंगला फक्त तेलाचा थंडावा असतो, पाण्याचा नाही.

ताबा कोण ठेवणार, यावर तर भाचाही गप्प झाला. दोन्ही इंजिनांत एन75 नावाचा व्हॉल्व्ह आहे, म्हणून टपरीवर ‘‘वायर तीच, जोडून टाक’’ म्हणतात. नाव एक, काम उलटं. पेट्रोलमध्ये तो वेस्टगेटकडे (जादा धूर टर्बाइनला वगळून सोडणाऱ्या झडपेकडे) जाणारा हवेचा दाब वळवतो. डिझेलमध्ये तो पाती हलवायला व्हॅक्युम देतो, आणि डिझेलकडे त्यासाठी स्वतंत्र पंप असतो. आरएसचं व्हॅक्युम इनटेकमधून येतं. बूस्ट (टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब) आला की ते गेलं. मग इलेक्ट्रिक पंप बसवा, किंवा दाबावर चालणारा अ‍ॅक्च्युएटर लावून बूस्ट वाढला की पाती उघडतील असं करा. दुसरा मार्ग सोपा, तो चालतोही. पण मूळ डिझेलमध्ये नळी सुटली तर पाती उघडतात आणि गाडी नुसती मेल्यासारखी होते. या जुगाडात नळी सुटली तर पाती मिटलेलीच राहतात. वेस्टगेटची नळी सुटली तरी बूस्ट भडकतो हे खरं, पण मागचा धूर असा कोंडत नाही. पाती पूर्ण उघडूनही धूर जास्तच झाला तर बाहेरून वेस्टगेट बसवावा लागतो. म्हणजे जो भाग नको म्हणून व्हीजीटी घेतला, तोच पुन्हा विकत घ्यायचा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल, दोन्ही मूळ रचनेत बदल करायच्या विरोधात आहेत. के04लाही हे लागू आहे. पण पंधरा वर्षं उलटलेली गाडी फेरनोंदणीला न्यायची असते, तेव्हा बॉनेट उघडल्यावर काय दिसेल, याचा विचार आधी करावा. विम्याचाही.

तरीही व्हीजीटी कुणी लावावा? ज्याच्याकडे रोजची दुसरी गाडी आहे, स्वतंत्र ईसीयू आहे, धुराचं तापमान दाखवणारं मीटर आहे, आणि दर महिन्याला टर्बो उतरवायची हौस आहे, त्यानं. नीट जमला तर तो के04पेक्षा लवकर उठेल, ती गंमत खरी. 200 पीएस हवेत पण गाडी रोज चालवायची आहे त्याला के04. आणि होटगी रोडवरून ऑफिसला जाऊन कधीतरी पुणे हायवेला लागणाऱ्याला आहे तो के03, नवा कोअर (टर्बोचा आतला फिरता भाग) टाकून.

भाच्यानं शेवटचं निवडलं, पण कारण वेगळंच निघालं. तेलाचं चेंबर उतरवलं तर तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर काळा चिखल. टर्बोला तेलच पुरत नव्हतं. लॉराचा बसवला असता तर तोही तसाच गेला असता. जाळी साफ केली, टर्बोची तेलाची नळी नवी टाकली, मग कोअर बसवला. टपरीवर अजून विचारतात, मामानं काय सांगितलं म्हणून.