विसार आधी घेतला, हद्द नंतर: गावचं घर विकताना आम्ही कसे अडकलो

सातारा जिल्ह्यातलं आमचं वडिलोपार्जित घर विकायला काढलं, त्याला आता वर्ष उलटून गेलंय. घर अजून विकलं गेलेलं नाही, वर वकिलाची फी सुरू आहे. गावाकडचं घर विकायच्या विचारात असाल तर हे वाचा, कारण ज्या पद्धतीने आम्हाला गाठलं ती कुठल्याही तालुक्यात चालण्यासारखी आहे.

घराच्या दोन भानगडी होत्या. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, अजून आजोबांचंच नाव होतं. वारस तिघं, माझे वडील आणि दोन आत्या. दुसरी भानगड पूर्वेकडच्या हद्दीची. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली तेव्हा आमच्यापैकी कुणी गावात नव्हतं. ड्रोन उडायच्या आधी घराघराच्या हद्दीवर चुना मारतात. आमच्या बाजूचा चुना शेजारच्या तात्यांनी दाखवला तसा पडला, आणि परड्याचा एक पट्टा नकाशावर त्यांच्याकडे गेला. त्यात त्यांची न्हाणी आहे. तात्यांनी मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही, ती न्हाणी माझ्या लहानपणापासून तिथंच आहे.

ओळखीतून एक एजंट आला. वाक्यागणिक ताई, ताई. "ताई, तुम्ही डोंबिवलीत निवांत बसा. वारसनोंद, आत्यांच्या सह्या, मोजणी, शेजारी, सगळं माझ्याकडं लागलं. गिऱ्हाईकपण तयार आहे."

पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे पुढे खरेदी देण्याचा करार, झालं. अण्णांना, म्हणजे वडिलांना, एक लाख विसार मिळाला. मसुदा एजंटच्याच वकिलाचा. दुसऱ्या पानावर एक कलम होतं: लिहून देणार यांनी सहा महिन्यांचे आत निर्वेध व हद्द कायम झालेली मिळकत लिहून घेणार यांस खरेदी द्यावी, तसे न केल्यास विसाराची रक्कम दुप्पट परत करावी व होणारे नुकसान भरून द्यावे. "हे सगळ्याच कागदांत असतं," एजंट म्हणाला. मुदत आमच्या डोक्यावर, आणि त्या मुदतीत करायचं काम त्याच्या हातात. सगळी मेख इथेच होती.

मग कामं 'होऊ' लागली. ग्रामपंचायतीत आठ नंबरला अण्णांचं नाव लावून उतारा पाठवला आणि वारसनोंद झाली म्हणून सांगितलं. नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. मिळकत पत्रिकेवर आजोबा होते तिथंच होते. आत्यांकडून 'संमतीपत्र' म्हणून नोटरी करून आणलं. मुली 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहेत, "लग्न झालं, हक्क गेला" असं गावात कुणी काहीही म्हणो. त्यांचा हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने हिस्सा सुटत नाही. थोरली आत्या तर म्हणाली, "मला वाटलं नुसती ओळख पटवायची सही आहे."

मोजणीचा नकाशाही आला. 'क' प्रत, गोल शिक्का, सही, मोजणी रजिस्टर नंबर, सगळं जागच्या जागी. या प्रत्येक कामाचे पैसे वेगळे, रोख. सरकारी मोजणीची फी चलनाने भरली जाते, कुणाच्या खिशात द्यावी लागत नाही.

तात्यांशी बोलायला मात्र तो आम्हाला देईना. "ते तीन लाख मागतायत, तुम्ही मधे पडलात तर पाच होतील." तिकडे तात्यांना सांगत होता, की मुंबईची माणसं तुमची न्हाणी पाडायची ऑर्डर आणतायत. त्यामुळे दोन्ही घरं एकमेकांवर गुरगुरत बसली आणि सहा महिने सरले.

त्यानंतर वकिलाची नोटीस आली, दोन लाख द्या, शिवाय नुकसानभरपाई. पाठोपाठ जिल्ह्याच्या पेपरात जाहीर नोटीस: सदर मिळकतीचा व्यवहार आमच्या अशिलाशी ठरला असून अन्य कोणी व्यवहार केल्यास तो बंधनकारक राहणार नाही. तेवढ्या चार ओळींनी दुसरी दोन गिऱ्हाइकं पळाली. मग एजंटचा फोन आला, तितकाच गोड. "ताई, कोर्टात कशाला जाता? ठरलेल्याच्या निम्म्यात देऊन टाका, मी त्यांना समजावतो."

त्या रात्री आत्येभावाने गावात दोन फोन केले. गिऱ्हाईक एजंटच्या साडूचा मुलगा निघाला.

नकाशा घेऊन आम्ही भूमि अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी मोजणी रजिस्टर नंबर बघितला, रजिस्टर उघडलं आणि चष्मा वर करून विचारलं, "हा ऊस तुमचाच का?" तो नंबर भलत्याच गावातल्या गटाचा, म्हणजे शेतजमिनीचा होता. खऱ्या मोजणीला लगतच्या धारकांना आधी नोटीस जाते. तात्यांना तशी कधी आलीच नव्हती, आणि हे त्यांच्या ओट्यावर बसून विचारायला एक चहा पुरला. नंबर घेऊन कार्यालयात खातरजमा करायला तर तेवढाही वेळ लागत नाही. मोजणी कुणीही करून आणलेली असो, हे स्वतः जाऊन करा.

पुढे रीतसर अर्ज करून, चलन भरून मोजणी करून घेतली. भूकरमापक रोव्हरची, म्हणजे मोजणीच्या यंत्राची, काठी घेऊन परड्यात उभे राहिले आणि तात्यांची सून न्हाणीच्या दारात पदर खोचून उभी. वाद निघाला दीड हाताचा. तात्या तिथंच म्हणाले, "एवढ्यासाठी सहा महिने माझ्याशी बोलली नाहीस होय गं?" हद्द दुरुस्तीचा दोघांच्या सहीचा अर्ज आता कार्यालयात आहे. आत्यांची हक्कसोडपत्रं नोंदवून झाली. वारसनोंदीचं प्रकरण चालू आहे.

खोट्या नकाशाची पोलिसांत तक्रार दिली. आधी "ही दिवाणी बाब आहे" असं ऐकून घ्यावं लागलं. भूमि अभिलेखकडून त्या नंबरची नक्कल मागवून जोडली तेव्हा कुठे अर्ज घेतला. विसाराचा एक लाखाचा धनादेश वकिलाच्या पत्रासोबत गिऱ्हाइकाला रजिस्टर पोस्टाने पाठवला होता. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत आलं. ते फोडू नका, तसंच ठेवा, असं वकिलांनी सांगितलंय.