अन्सिबलमध्ये सर्व्हरचा आयपी: डीफॉल्ट फॅक्ट की इंटरफेसचं नाव?

अन्सिबल म्हणजे अनेक सर्व्हर एका जागेवरून मांडायचं साधन; ते प्रत्येक सर्व्हरची जी माहिती गोळा करतं ती ‘फॅक्ट’. सर्व्हरला एकच नेटवर्क कार्ड (इंटरफेस) असेल तर डीफॉल्ट आयपीव्ही४ फॅक्ट पुरे. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत एक कार्ड ऑफिसकडे, दुसरं मशिनांकडे असलं की खरी पंचाईत. हा फॅक्ट लिनक्सच्या राउटिंग टेबलला विचारतो, इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याकडे कुठून जाशील? त्या वाटेवरचा पत्ता देतो. गेटवे (बाहेर जायची वाट) ऑफिसकडे आणि डेटाबेसने जोडण्या मशिनांच्या बाजूने घ्यायच्या, तर पत्ता चुकलाच. डीफॉल्ट गेटवेच नसेल तर फॅक्ट रिकामा, तो वापरणारं टेम्प्लेट (कॉन्फिग फाइलचा साचा) तिथेच अडकतं.

इंटरफेसच्या नावाने घेतलेला पत्ता नेमका. पण कार्डाचं नाव एका सर्व्हरवर ईटीएच०, दुसऱ्यावर ईएनएस१९२. म्हणून नाव इन्व्हेंटरीत (अन्सिबलच्या सर्व्हर-यादीत) होस्टनिहाय ठेवा. दोन कार्डांना आमची पसंती यालाच. मात्र नावात हायफन असेल तर फॅक्टमध्ये त्याचा अंडरस्कोअर होतो.