बोअरच्या पाण्यावर आरओ: पावसाळा ते मे महिना, लातूरच्या घरातला अनुभव

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून लातूरकरांना पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. त्याच शहरात आता बहुतेक स्वयंपाकघरांत भिंतीवर पाणी शुद्ध करणारा आरओ लटकलेला असतो. यंत्र चांगलंच आहे. पण विकणारा जे सांगतो ते एकाच प्रकारच्या पाण्याला धरून असतं, आणि आपल्याकडे एकाच टाकीत वर्षभरात तीन पाणी येतात: मांजरा धरणाचं नळाचं, बोअरचं आणि टँकरचं. आरओ किती टिकेल आणि किती खर्चात पाडेल, हे कंपनीपेक्षा या तीन पाण्यांवर ठरतं.

बोअरच्या पाण्यावर मात्र फरक पहिल्या आठवड्यातच कळतो. आधी तुरीच्या डाळीला कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या करूनही दाणा अख्खा राहायचा. आता तीन शिट्ट्यांत वरण एकजीव होतं. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती शिजत नाही. चहाच्या पातेल्यावर बसणारी पांढरी पुटं गेली, चहावर येणारी तवंगासारखी साय गेली. भारतीय मानकात (आयएस 10500) टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायचं. पाण्याच्या जडपणाची तीच मर्यादा 200 आणि 600 आहे. आमच्या बोअरचा टीडीएस 900 च्या आसपास. अशा पाण्याला आरओ हवाच. धरणाचं पाणी 500 च्या आत असेल तेव्हा मात्र त्याची गरज नाही. तेवढ्या दिवसांत साधं गाळून, युव्ही (जंतू मारणारा दिवा) किंवा उकळून भागतं आणि मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पडदा, तोही वाचतो.

आता वाया जाणाऱ्या पाण्याचं. मापाचं भांडं आणि मोबाईलचं घड्याळ घ्या, शुद्ध आणि वाया पाण्याच्या नळीखाली एकेक मिनिट धरा. आमच्याकडे शुद्ध 150 मिली आणि वाया 450 मिली, म्हणजे एकास तीन. पाच माणसांचं पिणं-स्वयंपाक धरून रोज 20 लिटर शुद्ध लागलं तर 60 लिटर बाहेर जातं. महिन्याला एकूण 2,400 लिटर ओढलं जातं, 5,000 लिटरच्या टँकरचा जवळजवळ अर्धा. टँकर विकत घेणाऱ्या घराचा आरओचा खरा खर्च हा आहे. विजेचा नाही, फिल्टरचाही नाही. 30 रुपयांचा जार रोज घेतला तर महिन्याला 900 होतात, त्यामुळे नळ-बोअरवर यंत्र सरळ स्वस्त पडतं. टँकरच्या महिन्यांत हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. फक्त सीलबंद नसलेल्या थंड जारमध्ये पाणी कुठलं आणि जार कधी धुतला, हे विचारायची सोय नसते.

वाया पाण्याची नळी बेसिनमध्ये सोडू नका, 50 लिटरच्या ड्रममध्ये सोडा. आत 900 असेल तर बाहेर साधारण 1,200 टीडीएस येतो. फरशी, संडास, भांड्यांचं पहिलं खंगाळणं, सगळ्याला चालतं. कूलरमध्ये नको, जाळ्यांवर क्षार बसतो. कुंड्यांना कायम घातलं तर मातीवर पांढरा थर येतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर हे नाहीच, शुद्ध बाजूचंही नाही. तिथं डिस्टिल्ड वॉटरच लागतं.

हे पाणी वाचवायला काही मेकॅनिक वाया पाण्याच्या नळीतला 450 चा फ्लो रिस्ट्रिक्टर (प्रवाह रोखणारा भाग) काढून 300 चा बसवून देतात. ऐकू नका. वाया कमी जातं हे खरं, पण मेम्ब्रेनमधलं पाणी जास्त दाट होतं आणि क्षार तिथंच जमतो. जड पाण्यावर मेम्ब्रेन लवकर चोंदतो आणि वाचलेल्या पाण्याच्या कितीतरी पट पैसे त्यात जातात.

दुसरा उद्योग टीडीएस कंट्रोलरचा. पाणी "गोड लागावं" म्हणून त्याचा स्क्रू उघडतात. त्यातून मेम्ब्रेन न ओलांडलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. बोअरमध्ये नायट्रेट किंवा फ्लोराईड असेल तर तेही परत येतं. शिवाय मेम्ब्रेन बिघडलाय की स्क्रू उघडा आहे, हे कळत नाही. स्क्रू पूर्ण बंद करून मोजा. आतल्या टीडीएसच्या दहा टक्क्यांच्या आत आकडा आला तर मेम्ब्रेन ठणठणीत, वीसच्या वर गेला तर बदला. खिशातलं मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतं, जंतू नाही.

उन्हाळ्यात यंत्र वेगळं वागतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. गरम पाण्यात मेम्ब्रेनमधून पाणीही वेगानं येतं आणि क्षारही जास्त निसटतात, म्हणून मेच्या दुपारी आकडा चढलेला दिसतो. बहुतेक मेम्ब्रेनची मर्यादाच 45 अंश असते. यंत्र पहाटे चालवा, दिवसाचं पाणी माठात भरून ठेवा. दुपारी लाईट गेली तरी अडत नाही.

टाकीचा तळ यंत्राच्या दहा फूट वर नसेल तर दाब पुरत नाही आणि लो प्रेशर स्विच पंप चालू होऊ देत नाही. मेकॅनिक हा स्विच जोडून टाकतो, म्हणजे वगळतो. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात टाकी रिकामी होतेच, मग पंप कोरडा फिरतो आणि जळतो. टाकी उचलून स्टँडवर घ्या, स्विच राहू द्या.

टँकरच्या पाण्याचा गाळ बाहेरच्या प्री-फिल्टरमध्येच अडवा. पाच मायक्रॉनची पांढरी काडी महिन्यात विटकरी होते. ती बदलायला मेकॅनिक लागत नाही. कॉक बंद, फिल्टरचं भांडं पान्यानं उलटं फिरवा, रबरी रिंग ओली करून बसवा. कार्बन फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचाच. टँकर किंवा नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते आणि त्यातला क्लोरीन मेम्ब्रेनचा पातळ पडदा खातो. तो अडवणारा कार्बनच असतो.

सुट्टीत घर बंद ठेवणार असाल तर यंत्राची टाकी रिकामी करा, कॉक बंद करा, प्लग काढा. परतल्यावर पहिल्या दोन टाक्या भांड्यांना वापरा. यंत्र नुसतं उभं असलं तरी क्षार मेम्ब्रेनमधून हळूहळू पलीकडे झिरपतात, म्हणून सुरुवातीच्या पाण्याचा आकडा वाढलेला असतो.