चेकआउट ११ वाजता

भाड्याच्या घराच्या नावाखाली एकाने मला फसवलं. आधीच सांगतो, मी घर न बघता पैसे भरलेले नाहीत. ज्याला सांगावं तो हेच विचारतो, "अरे, पण बघितलं नव्हतंस का?" बघितलं होतं. दोनदा. नळ सोडून गरम पाणी यायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजलं होतं.

मार्च २०२५. नेदरलँड्समध्ये येऊन पाच आठवडे झालेले. कंपनीचं तात्पुरतं घर ३१ तारखेला सोडायचं, त्या पत्त्यावर नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंदणीही करता येत नव्हती, आणि बायको-मुलगी १२ एप्रिलला येणार. अ‍ॅम्स्टरडॅमच्या आसपास घर शोधणं काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. ४३ अर्ज, तीन व्ह्यूइंग, तिन्हीकडून नकार. अशात १,६५० युरोत दोन बेडरूमचा फ्लॅट, नोंदणीसकट, आणि मालक स्वतः दाखवतोय. घाई करणाऱ्यापासून सावध राहायचं, हे मी वाचून होतो. हा उलट म्हणाला, "बायकोशी बोला, रविवारपर्यंत सांगा." मी रविवारची वाटही पाहिली नाही.

आता तो कागद. फ्रिजवर चुंबकाने लावलेला, लॅमिनेट केलेला. वर वायफायचा पासवर्ड, मध्ये कचरा कुठे टाकायचा, आणि तळाला जाड अक्षरांत: चेकआउट ११ वाजता. मी तो वाचला. वाचून विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "भाडेकरू मिळेपर्यंत अधूनमधून पाहुण्यांना देतो." मी मान डोलावली. ड्रॉवरमध्ये मोजून चार काटे, चार चमचे. कपाटात रिकामे हँगर, बाथरूममध्ये एक टूथब्रशसुद्धा नाही. त्याने ते घर तीन रात्रींसाठी घेतलं होतं, आणि तेवढ्यात आमच्यासारख्या किती जणांना दाखवलं देव जाणे. मी रोज कोड वाचून चुका काढायचा पगार घेतो, आणि फ्रिजवरची एक ओळ मला वाचता आली नाही.

पैसे असे गेले: पहिलं भाडं १,६५०, डिपॉझिट ३,३००, कराराचा खर्च २५०. एकूण ५,२०० युरो, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास. जुलै २०२३ पासून दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, याने बरोबर तेवढंच मागितलं, म्हणून उलट विश्वास बसला. ते २५० मात्र भाडेकरूकडून घ्यायचेच नसतात. कुणी मागितले तर तिथूनच निघा. खात्याचा नंबर एलटीने सुरू होणारा, म्हणजे लिथुआनियाचा. बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं की खातेदाराचं नाव तपासता येत नाही. मी "पुढे जा" दाबलं. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत ही नावपडताळणी बँकांना सक्तीची झाली. सात महिने उशीर, दुसरं काय!

१ एप्रिलला (तारीखही काय साधली) दोन सुटकेस घेऊन गेलो. चावी कुलपात गेली, फिरली नाही. आतून मोजे घातलेल्या एका पर्यटक बाईने दार उघडलं. तिच्या मागे फ्रिज दिसत होता.

पुढचं ऐका. पोलिसांत ऑनलाइन तक्रार करायला डिजीडी, म्हणजे इथलं सरकारी लॉगिन, लागतं. डिजीडीचा कोड टपालाने येतो, नोंदणी केलेल्या पत्त्यावर. पत्ता नाही म्हणूनच तर तक्रार करतोय! शेवटी फोन करून नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" बँकेनेही हेच विचारलं, फक्त जास्त गोड आवाजात. पैसे परत मागवण्याची विनंती केली म्हणे, सहा आठवड्यांनी उत्तर आलं: खात्यात शिल्लक नाही. ज्या साइटवर जाहिरात होती ते म्हणाले, आम्ही फक्त गाठ घालून देतो. नगरपालिकेत वाईट घरमालकांविरुद्ध तक्रारीची सोय असते, तिथेही गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पण हा तर घरमालकच नाहीये." बरोबर आहे बाई. तोच तर माझा मुद्दा आहे.

कडास्टरमध्ये, म्हणजे इथल्या जमीन-नोंदणीत, काही युरो भरले की कुठल्याही पत्त्याचा मालक कोण ते कुणालाही कळतं. मला हे माहीत होतं. पण त्याने स्वतःचा पासपोर्ट पाठवला होता, फोटोत चेहराही साधारण जुळत होता, मग तपासायचं काय? तपासा. पासपोर्ट म्हणजे सातबारा नव्हे. आणि तुमचा पाठवायचाच असेल तर सरकारी कोपीआयडी अ‍ॅपमधून पाठवा, बीएसएन (इथला नागरिक क्रमांक) झाकून, "फक्त अमुक घराच्या अर्जासाठी" असं आडवं लिहून. मी पासपोर्ट, तीन पगारपत्रकं आणि नोकरीचा करार असं सगळं स्वच्छ, कोरं पाठवलं होतं.

जूनमध्ये लिंक्डइनवर एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. ब्राझीलहून आली होती, उत्रेख्तमध्ये नोकरी. तिने माझ्या पासपोर्टचा फोटो जोडला होता आणि विचारलं होतं, "सर, डिपॉझिट मंगळवारीच भरलंय. चावी कधी देताय?"