शंभर प्रवासी, पण एकाचंही बूड सपाट नाही: एचओ मॉडेल रेल्वे डब्यातल्या फिगर्स, आठ महिन्यांनंतर

वळणावर डबा आतून खुळखुळायला लागला म्हणून आयसीएफ (चेन्नईच्या कोच फॅक्टरीच्या धर्तीच्या) मॉडेल स्लीपरची बॉडी उघडली, तर 36 पैकी 11 प्रवासी बाकांखाली आडवे. म्हणून हा रिव्ह्यू. ऑनलाइन मिळणारी 1:87 (म्हणजे एचओ, खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाचं माप) लिहिलेली, शंभर बसलेल्या आणि रंगवलेल्या फिगर्सची पिशवी, किंमत 650 रुपये. प्रायझर या जर्मन कंपनीच्या सहा रंगवलेल्या फिगर्सची डबी याहून महाग पडते, त्यामुळे बहुतेकांची सुरुवात इथूनच होते.

पिशवीचा खरा दोष रंगाचा नाही, चेहऱ्यांचाही नाही. दोष बुडाचा आहे. साच्यात प्लास्टिक शिरतं ती जागा नेमकी बुडाखाली ठेवली आहे आणि तिथे अर्धा-पाऊण मिलिमीटरचा खुंट तसाच सोडलाय. प्रवासी बाकावर बसत नाही, खुंटावर डुगडुगतो. ग्लूला पकडायला टाचणीच्या टोकाएवढी जागा. त्यात बुडालाही चकचकीत रंग फासलेला. पडलेले अकरा जण उलटे करून पाहिले तर नऊ जणांच्या बुडाचा रंग गायब, आणि तो रंग ग्लूसकट बाकावर चिकटलेला. म्हणजे ग्लू सुटला नव्हता, रंगाने प्लास्टिक सोडलं होतं. तक्रार केली तर विक्रेत्याचं उत्तर, "बसलेल्या माणसाचं बूड दिसतंच कुठे?" घ्या!

दुसरी तक्रार मापाची. पावणेसहा फुटी माणूस 1:87 मध्ये साधारण 20 मिमी भरतो आणि बसल्यावर बाकापासून टाळूपर्यंत साधारण 10 मिमी. पिशवीतले बहुतेक साडेअकरा ते बारा भरतात, म्हणजे प्रत्यक्षात 1:75 च्या आसपास. त्यातून कित्येक डब्यांत वजनासाठी खाली बसवलेल्या लोखंडी पट्टीमुळे बाक मुळातच दोन मिलिमीटर वर आलेला असतो. मग डोकी खिडकीच्या वरच्या कडेला टेकतात आणि बाहेरून नुसत्या छात्या दिसतात. पहिल्या महिन्यात या पिशवीला पाचपैकी एक तारा दिला होता. तो आता बदलतोय, कारण दोन्ही दोषांवर इलाज एकच निघाला: बूड दीड मिलिमीटर घासून टाका. खुंट जातो, रंग जातो, उंचीही जागेवर येते. मांड्या कागदासारख्या होतात, पण खिडकीच्या खाली कोण बघतंय?

120 नंबरचा वॉटर पेपर काचेवर चिकटवा, ओला करा, फिगर खांद्यांत चिमट्याने धरा आणि एकाच दिशेने दहा-बारा वेळा ओढा. कोरडं घासलं तर प्लास्टिक तापून कडेला लोंबतं आणि परत तोच उंचवटा. पाय गुडघ्याखाली निप्परने उडवा. समोरासमोरच्या बाकांमध्ये मॉडेलात जेमतेम सात मिलिमीटर जागा असते, गुडघे आपटले की दोघेही मागे रेलतात. कापलेले पाय टाकू नका, त्यावर प्लास्टिक सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या ग्लूचा) थेंब टाकून बघा. दोन मिनिटांत पृष्ठभाग चिकट झाला तर निर्धास्त सिमेंटच वापरा, बाकाचाही रंग तेवढ्या जागी खरवडून. काही पिशव्यांतलं प्लास्टिक मऊ असतं, त्यावर सिमेंट ढिम्म काही करत नाही. तिथे 0.5 मिमीचं भोक आणि पितळी तार. इन्स्टंट ग्लू वापरायचाच असेल तर टूथपिकच्या टोकाने, आणि बॉडी एक दिवस उघडी ठेवून. लगेच बंद केली तर वाफेने खिडक्यांच्या आतून पांढरं धुकं चढतं. ते पुसून जात नाही.

रंगकाम फुकट वाढवू नका. स्लीपरला 72 बर्थ, पण खिडकीशी माणसं मावतात किती? नऊ कप्प्यांत एका बाजूला दोन-दोन आणि साइड लोअरवर समोरासमोर दोन-दोन, एकूण 36. मधल्या जागी राखाडी प्रायमर मारलेले सात-आठ जण बसवले की गर्दी वाटते. वरच्या बर्थवर कोणाला झोपवू नका, खिडकीतून दिसतच नाही. वजनाची चिंता नको: एक फिगर सुमारे 0.1 ग्रॅम. 245 मिमीच्या डब्याला एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या हिशोबाने 165 ग्रॅम लागतात, ते पट्टीनेच भरायचे.

मूळ रंग खरवडत बसायची गरज नाही. भांड्याच्या साबणाने धुवा, मॅट राखाडी प्रायमरचा पातळ थर द्या. कारखान्याची गुलाबी कातडी मात्र झाकलीच पाहिजे, नाहीतर मनमाडच्या गाडीत सगळे बव्हेरियाचे प्रवासी. बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर एक, पांढरा एक. पांढरा कमीजास्त करून तीन छटा करून ठेवा. वर बर्न्ट अंबरचा पाण्यासारखा वॉश. डोळे रंगवू नका. चेहरा अडीच मिलिमीटरचा, वॉश खोबणीत उतरला की डोळे आपोआप दिसतात. काळे ठिपके दिले की सगळा डबा भूत पाहिल्यासारखा. केस निव्वळ काळे नकोत, काळ्यात थोडा तपकिरी घाला.

साडीसाठी टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करा, 6 बाय 9 मिमी तुकडा, फेविकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, डाव्या खांद्यावरून पदर. वाळल्यावर रंग, मग 0.1 मिमीच्या पिगमेंट पेनने काठ. पेन चकचकीत थरावर घसरतं, मॅटवर धरतं. हॅटवाल्यांची कड कापून वर एम-सीलचा कण निमुळता दाबला की गांधी टोपी. कपड्यांच्या प्रत्येक रंगात थोडा पांढरा मिसळा, कारण इतक्या लहान आकारावर मूळ रंग आहे त्याहून गडद दिसतो.

एक चूक टाळा: रंग टेबलच्या पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका. डब्यातल्या थंड पांढऱ्या एलईडीखाली विटकरी आणि मरून साड्या मळकट चॉकलेटी दिसतात. दोन फिगर्स डब्यात ठेवून, दिवा लावून, मगच बाकीच्या रंगवा.

घासून बसवलेले 36 जण दीड महिना त्याच वळणावर फिरताहेत, एकही सुटलेला नाही. आता तीन तारे. दोन गेले ते बुडामुळेच; 36 बुडं घासायला सवातीन तास लागतात आणि तो वेळ 650 मध्ये धरलेला नाही. ज्यांना घासायचा कंटाळा आहे त्यांनी प्रायझरचे बिनरंगी मोठे संच बघावेत, फिगरमागे खर्च खूप उतरतो. दुसरी पिशवी तरीही मागवली आहे. जनरलच्या डब्यात 90 सीट, आणि तिथे मधली गर्दीही दिसावी लागते.