इंदिरानगरचा बॉक्सिंग क्लास आणि तिथला शनिवार

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या बोगद्यापासून थोडं आत, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर हा क्लास आहे. पाटीवर नुसतं ‘बॉक्सिंग’ एवढंच लिहिलंय. फी महिना 1200 रुपये, बॅच सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला. मी अंबडला एका कंपनीत स्टोअर सांभाळते, त्यामुळे मला संध्याकाळचीच जमते. बायकांसाठी वेगळी बॅच नाही, पण त्याचा त्रास कधी झाला नाही. सर या बाबतीत कडक आहेत.

शिकवणं पायापासून आहे. ग्लोव्हज घालायच्या आधी हाताला पट्टी बांधता आली पाहिजे: अंगठ्यात फास, मनगटाला वेढे, मग पेरांवरून आणि शेवटी बोटांच्या फटींतून. सर प्रत्येकाची मूठ दाबून बघतात आणि पट्टी सैल असली तर सगळी सोडून पुन्हा बांधायला लावतात. नव्या पोरांना बॅगेवर तुटून पडायची घाई असते, त्यांना याचा कंटाळा येतो. मनगट जपायचं असेल तर मात्र याला पर्याय नाही.

पण मी हे लिहायला बसले ते शनिवारसाठी. शनिवारी साडेआठनंतर मॅटवर सगळे मांडी घालून बसतात आणि भिंतीवर प्रोजेक्टरनं हेवीवेटची, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाची, एक जुनी लढत लावतात. वेगळे पैसे नाहीत, बाहेरचं कुणी आलं तरी बसू देतात. लढतीआधी सर बोर्डवर दोघांचं रेकॉर्ड, म्हणजे किती जिंकले, किती हरले ते, लिहितात आणि त्याखाली विचारतात: समोरचा कोण होता, त्याचं वय काय, वजन किती, लढत किती राउंडची? नाशिकमध्ये रेकॉर्ड असं उकलून दाखवणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

रॉकी मार्सियानो या जुन्या हेवीवेट विजेत्याचंच घ्या. 49 लढती, 49 विजय, 43 नॉकआउट. आमच्या बॅचमधली पोरं या आकड्यापुढे हातच टेकतात. सरांनी 26 ऑक्टोबर 1951 ची लढत लावली, समोर जो लुईस. आठव्या राउंडला लुईस दोरांमधून बाहेर कोसळतो, तिथे चित्र थांबवलं आणि विचारलं, “हा माणूस किती वर्षांचा आहे?” तो 37 वर्षांचा होता. 1937 ते 1949 हेवीवेटचा किताब ज्याच्याकडे होता, 25 वेळा ज्यानं तो राखला, तोच लुईस. आयकराची थकबाकी डोक्यावर होती म्हणून पुन्हा रिंगमध्ये उतरलेला. त्या 49 मधला हाही एक विजय. सर मार्सियानोला कमी लेखत नाहीत. 1952 मध्ये जर्सी जो वॉलकॉटनं त्याला पहिल्याच राउंडला खाली पाडलं होतं, तो गुणांवरही मागे होता, आणि तेराव्या राउंडला एका उजव्या ठोशात त्यानं किताब घेतला, तेही आम्ही पाहिलं.

मग वजनाचा मुद्दा निघाला. मार्सियानो जेमतेम 84-85 किलोचा. आज तो क्रुझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात, बसेल, त्याच्या काळात तो गटच नव्हता. आजच्या काळातला टायसन फ्युरी 6 फूट 9 इंच, जवळपास 119 किलो. पोरं लगेच म्हणाली, मार्सियानो दोन मिनिटंही टिकणार नाही. सरांनी पुढच्या शनिवारी युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकची लढत लावली. तोही क्रुझरवेटमधून वर आलेला, फ्युरीपेक्षा सहा इंचांनी बुटका, आणि 2024 मध्ये त्यानं फ्युरीला दोनदा हरवलं. मला हीच पद्धत आवडते. उत्तर हातात ठेवत नाहीत, पुढची लढत लावतात.

मुहम्मद अली की माइक टायसन हा वाद तर दर महिन्याला होतो. सर आधी विचारतात, कुठला अली? 1966 ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सभोवती नाचणारा, की 1975 ला मनिलात जो फ्रेझरचे हुक, म्हणजे बाजूनं येणारे ठोसे, बरगड्यांवर झेलणारा? मध्ये, सैन्यात जायला नकार दिला म्हणून, ऐन पंचविशीतली साडेतीन वर्षं त्याला लढूच दिलं नाही. त्याच्या नावावर 56 विजय आणि 5 पराभव आहेत. उतरत्या वयातले शेवटचे दोन, 1980 चा लॅरी होम्सविरुद्धचा आणि 1981 चा ट्रेव्हर बर्बिकविरुद्धचा, मी मनातून वजाच करते. त्याच बर्बिकला 1986 मध्ये वीस वर्षांच्या टायसननं दुसऱ्या राउंडला आडवं केलं. “म्हणजे टायसन अलीपेक्षा भारी!” असं एक मुलगा ओरडला. सर म्हणाले, “असा हिशेब जोडलास तर 1990 मध्ये टोकियोत टायसनला हरवणारा बस्टर डग्लस सगळ्यांचा बाप ठरेल.”

माझं स्वतःचं मत लेनॉक्स लुईसच्या बाजूनं आहे आणि त्यावरून मी बॅचमध्ये भांडते. 41 विजय, 2 पराभव, 1 बरोबरी. आकडा मार्सियानोसारखा चकचकीत नाही. पण 1994 ला मॅकॉलनं त्याला हरवलं, त्यानं मॅकॉलला 1997 मध्ये हरवलं. एप्रिल 2001 ला रहमाननं दक्षिण आफ्रिकेत झोपवलं, नोव्हेंबरमध्ये चौथ्याच राउंडला त्याची परतफेड केली. होलीफिल्डशी बरोबरी झाली, त्याच वर्षी पुन्हा लढून जिंकला. व्यावसायिक रिंगमध्ये जो जो समोर आला, त्याला त्यानं कधी ना कधी हरवलंच. शेवटच्या लढतीत, 2003 ला, व्हिताली क्लिच्को गुणांवर पुढे होता आणि त्याच्या डोळ्याजवळच्या जखमेमुळे ती थांबवून लेनॉक्सला विजय दिला गेला, हे पोरं मला दर वेळी ऐकवतात. बरोबर आहे त्यांचं. तरी पराभवानंतर त्याच माणसासमोर पुन्हा उभं राहणं मला शून्य पराभवांपेक्षा मोठं वाटतं.

शनिवारी पाहिलेलं सोमवारी हातात येतं, हा मोठा फायदा. होम्स आणि नॉर्टनची 1978 ची लढत पंधराव्या राउंडनं ठरली, तेव्हा किताबाच्या लढती पंधरा राउंडच्या असत, आता बाराच्या असतात. होम्सचा जॅब, म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा, त्या पंधराव्या राउंडलाही सरळ खांद्यातून निघत होता. सोमवारी सरांनी पूर्ण बॅचला फक्त डाव्या हातानं खेळवलं. खांदा भरून आला, पण कोपर बाहेर जायचं माझं बंद झालं.

आता उणं ते सांगते. क्लासचे ग्लोव्हज पावसाळ्यात वाळत नाहीत आणि वास मारतात, स्वतःचे घ्या. गाडी लावायला गल्लीत जागा नाही. कॉमेंट्री इंग्रजीत धडाधड चालते, सर मधून मधून सांगतात, पण मागे बसलेल्यांना ऐकू जात नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसा. आणि सगळे शनिवार हेवीवेटचेच. मेरी कोम, निखत झरीन यांच्या लढती लावा म्हणून मी सरांच्या मागे लागले आहे. बॅचमध्ये आता आम्ही बायका-मुली बऱ्याच आहोत, आणखी कुणी आल्या तर मागणीला जोर येईल.